वायरमनच्या चिठ्ठ्या

वायरमन गेला तो गेला, वर मास्तरांच्या डोक्याला ताप ठेवून गेला. अठ्ठावीस पेट्या किडे! नुसते किडे असते तरी चाललं असतं. प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर काय, तर ‘मास्तर घसरला ती जागा’.

“वहिनी, याला काय म्हणायचं?” मास्तरांनी भिंग आपटलं. “गाव लिही, तारीख लिही, चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडलो मी.”

“ते म्हणायचे, मास्तरांना कळतंय ना, मग झालं,” वायरमनची बायको म्हणाली.

झालं काय, कपाळ! संग्रहालयाच्या बाई सोमवारी पेट्या न्यायला येणार होत्या. स्थळ आणि तारीख नसलेला एकही किडा घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. वहिनी मुलीकडे राहायला निघालेल्या, तिथे पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे उरेल ते कचऱ्यात.

म्हणून मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, तीन दिवस त्या खोलीत ठाण मांडून होते. दोघांच्या रविवारच्या भटकंतीच्या स्वतःच्या जुन्या वह्या चाळायच्या, आपण कधी कुठे घसरलो ते शोधायचं, नवी चिठ्ठी लिहायची. ‘डबा विसरलो तो ओढा’. ‘कुत्रं मागे लागलं’. ‘मास्तर उगाच चिडला’, अशा तर चार जागा निघाल्या. उगाच? जाळी घरी विसरून किडे पकडायला येणाऱ्या माणसाचा काय सत्कार करायचा?

रविवारी दुपारी शेवटची पेटी उघडली आणि त्यांचा पारा चढला. चौदा रांगा, आणि सगळ्या टाचण्यांखाली एकच मजकूर: ‘मास्तर आला नाही’.

नव्हतेच गेले मास्तर. एका दुर्मिळ भुंगेऱ्याची मिशी मोडली, तर या पठ्ठ्याने दुसऱ्याच भुंगेऱ्याची उपटून डिंकाने चिकटवली होती. वर म्हणाला, “कोणाला कळतंय!” मास्तरांनी त्याच दिवशी बोलणं टाकलं. चौदा रविवार गेले, आणि पंधरावा उजाडायच्या आत वायरमन झोपेतच गेला. त्या रविवारांचं मास्तरांच्या वहीत अक्षर नव्हतं. हा शहाणा एकटा कुठल्या रानात भटकला, देव जाणे.

‘नदीकाठ’ म्हणून ठोकून द्यावं का? बाईंना काय कळणार? मास्तरांनी पेन उचललं, आणि लाज वाटून खाली ठेवलं. एका मिशीवरून अबोला धरणारा माणूस, आता हे करणार?

मग भिंग लावून किडेच पाहिले, तर आणखी चिडले. घरमाशी. कचरापेटीवरची हिरवी माशी. दिव्याखाली मरून पडतात ते करडे पतंग. लाकूड पोखरणारे काळे भुंगे, तब्बल पाच! जन्मभर माशीकडे ढुंकून न पाहिलेला माणूस हे काय गोळा करत बसला? यासाठी रानात कशाला जायला हवं, हे तर...

 असे भुंगे मास्तरांनी एकाच ठिकाणी पाहिले होते, सकाळी सहाच्या बसच्या थांब्यावर, लाकडी बाकात. वर दिवा, मागे कचरापेटी. दर रविवारी दोघं तिथेच भेटायचे.

“वहिनी, रविवारी तो परत कधी यायचा?”

“अलीकडे नऊलाच. विचारलं तर म्हणायचे, मास्तर आला नाही.”

“अरे मूर्खा!” मास्तर पेटीवरच ओरडले. “थांब्यापासून चार पावलांवर माझं घर! दार वाजवायला हात मोडले होते तुझे?”  

मास्तरांनी नव्या चिठ्ठ्यांसाठी कागद कापायला घेतले. स्थळ: सहाच्या बसचा थांबा. मग कॅलेंडर उघडून पहिल्या रविवारची तारीख लिहिली. त्या सकाळी आपण काय करत होतो, ते मास्तरांना चांगलं आठवत होतं. बूट घालून, पिशवी खांद्याला लावून ते नऊ वाजेपर्यंत बंद दाराशी बसले होते, वायरमन बोलवायला येईल म्हणून.