भिंतीला टेकलेलं कपाट

दिवाणखान्यात आता असं काही आणायचं की पुन्हा दुकानाची पायरी चढायला नको, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. बाबा म्हणजे चिऊच्या आईचे सासरे. कारखान्यात फिटर म्हणून हाडाची काडं केलेला माणूस. भुशाच्या फळ्यांचं जुनं शोकेस ओलीने फुगून पावासारखं झालं, तेव्हापासून त्यांनी स्वस्त फर्निचरचं नाव टाकलं होतं.

जुन्या फर्निचरच्या दुकानात त्यांना कपाट सापडलं. सूनही सोबत होती. अस्सल सागवान, वर काचेची दारं, खाली तीन ड्रॉवर.

"काका, नातीच्या लग्नातसुद्धा असंच उभं असेल," दुकानदार म्हणाला. "याची ना फॅशन जाणार, ना लाकूड."

तिने खालचा ड्रॉवर ओढला, मग मधला. मधला पूर्ण बाहेर आला तेव्हा कपाट किंचित पुढे आल्यासारखं तिला वाटलं. तिने झटकन हात मागे घेतला.

"हलतंय हे."

"ताई, इथली फरशी उंचसखल आहे."

ती हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची. महिन्यापूर्वीच तिच्यासमोर एका लहान मुलीला आणलं होतं, अंगावर कपाट पडलेलं. त्या मुलीची आई एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "मी फक्त कपडे वाळत घालायला गेले होते." ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आणि घरी तिची चिऊ तीन वर्षांची, जिथे पाय ठेवता येईल तिथे चढणारी.

कपाट घरी आलं. ते आत घ्यायला चार माणसं लागली.

"बाबा, भिंतीला पट्टी मारून घेऊ या. दोन स्क्रूचं काम आहे."

"या लाकडाला भोक पाडायचं?" बाबांना ते सोन्याला डाग लावण्यासारखं वाटलं. "चार माणसांना जेमतेम हललं ते चिऊला हलणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, सूनबाई."

नवरा हसला. "तुझ्या हॉस्पिटलात सगळ्यांची हाडं मोडलेलीच असतात गं. तुला तेच दिसणार."

तिची भीती मात्र काही जाईना. कामावर एक्स-रेची प्लेट सरकवताना हात थांबायचा. घरात काही वाजलं की ती धावायची. ड्रॉवरच्या मुठींना तिने नाडी बांधली, बाबांनी सोडली. तिने पुन्हा बांधली. त्यांनी पुन्हा सोडली. शेवटी ती म्हणाली, "रविवारी मी स्वतः ड्रिल आणते. तुम्ही रागवा नाहीतर काही करा."

तो बुधवार होता. शुक्रवारी दुपारी अडीचला ती कामावरून परतली. जिन्यात चिऊचा आवाज नेहमी येतो, तो आला नाही. तिने घाईने कुलपात किल्ली फिरवली.

दार उघडलं. फरशीभर काचा आणि कपबशांचे तुकडे. कपाट पुढे झुकलेलं, आणि त्याच्याखाली बाबा. दोन्ही हात आणि एक खांदा लावून त्यांनी ते अडवून धरलं होतं. चेहरा काळानिळा. तिन्ही ड्रॉवर बाहेर आलेले, आणि सगळ्यात खालच्या ड्रॉवरखाली चिऊचा पाय. पोरगी रडतही नव्हती. डोळे विस्फारून आजोबांच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"आधी तिला," बाबा म्हणाले. त्यांना तेवढाच श्वास होता.

ती काचांवरच गुडघे टेकून बसली. ड्रॉवर उचलू लागली, पण तो जरासा उचलला तरी कपाट आणखी झुकेल असं वाटून थांबली. बाबांची चप्पल फरशीवरून सरकली. बोटभरच, पण तो आवाज तिने ऐकला.

"चिऊ, पाय ओढ. आई उचलते, तू ओढ."

"बूट अडकलाय."

"राहू दे बूट!"

पाय सुटला. तिने पोरीला दारातून बाहेर जवळजवळ फेकलंच. मग ड्रॉवर एकेक करून पूर्ण काढले, बाबांच्या शेजारी खांदा लावला. "एक, दोन..." तीन म्हणायच्या आतच दोघांनी ढकललं. कपाट भिंतीवर आदळलं आणि वरून गिलावा गळला.

बाबांचे हात सुटेनात. लाकडात रुतलेली बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली.

"मी आत फक्त पाणी प्यायला गेलो होतो गं," ते म्हणाले. "ती पायऱ्यांसारखी चढली." मग पुन्हा म्हणाले, "फक्त पाणी प्यायला." तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हे वाक्य तिला ऐकवत नव्हतं.

हॉस्पिटलात चिऊचा पाय तिने स्वतःच प्लेटवर ठेवला, रोज इतरांच्या पोरांचा ठेवते तसा. पण बटण दाबायला हात उठेना. ते तिच्या कामावरच्या मैत्रिणीने दाबलं. फिल्म येईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं, बघ तरी. हाड शाबूत आहे."

बाबांच्या खांद्याचा स्नायू फाटला होता. महिनाभर हात गळ्यात.

त्याच अवस्थेत ते सुताराकडे गेले, तिला आणि मुलाला घेऊन. "नवं कपाट कमरेएवढं कर. रुंद बुड, जड तळ, एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल असं. आणि भिंतीला चार ठिकाणी जखडायचं."

"काका, लाकडाला भोकं पडतील," सुतार म्हणाला.

"पडू देत."

तयार झाल्यावर त्यांनी धडधाकट हात वापरून ते चारी बाजूंनी ओढून बघितलं, मग मुलाला ओढायला लावलं. मुलगा यावेळी हसला नाही. कपाट जागचं हललं नाही.

तरी दिवाणखान्यात आता बाबा खुर्चीवर बसत नाहीत. चिऊ खेळते तिथेच फरशीवर, तिच्यापासून हाताच्या अंतरावर बसतात. तहान लागली तर तिला कडेवर घेऊनच पाणी प्यायला उठतात. "बाबा, खांदा दुखेल," सून म्हणते. ते चिऊला चांगल्या खांद्याकडे घेतात, आणि तीही त्यांना दुसऱ्यांदा सांगत नाही.