पुढचे दात

“आई, पाहुणे आले की तू बाहेर येऊ नको. ताप हाय म्हणून सांगते मी.”

कप पुसता पुसता, वर न बघताच तनुजा बोलली. गौरम्माचा कढईतला हात थांबला.

“ताप कशाला? मी काय भांडणार हाय का त्यांच्याशी?”

“तसं न्हाई गं...” तनुजा अडखळली. “तुला बघितलं की त्यांना कळंल.”

काय कळंल, ते गौरम्माला विचारावं लागलं नाही. तिचे वरचे दात ओठांत मावत नसत. शिरूर अनंतपाळच्या शाळेत पोरी तिला ‘फावडी’ म्हणायच्या. लग्नानंतरही ती चारचौघांत हसली नाही. पुढं तनुजाचे दात तसेच येऊ लागले, तेव्हा ती नवऱ्याच्या, संगमेशच्या, मागं लागली आणि पोरीला लातूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

“घरात आणखी कुणाचे असे दात आहेत?” बाईंनी विचारलं होतं.

गौरम्मानं तोंडावरचा हात बाजूला केला. चोरी पकडली जावी तसे तिचे कान तापले.

“तुमचेही बसवता येतील मागं. अजून वेळ गेली नाही,” बाई सहज म्हणाल्या.

“आता मला कशाला?” असं बोलून गेली खरी, पण त्या दिवशी एसटीत ती घरापर्यंत खिडकीबाहेरच बघत होती.

दोन-अडीच वर्षं मायलेकी दर महिन्याला लातूरला जात राहिल्या. तारा आवळल्या की तनुजाला घास चावत नसे. गौरम्मा दुधात भाकरी कुस्करून द्यायची. तारा निघाल्या तेव्हा तनुजा आरशासमोरून हलेना. आपण पोरीला दिलेलं वाईट एकदाचं फिटलं, असं गौरम्माला वाटलं होतं.

“बरं, न्हाई येत बाहेर,” ती आता म्हणाली आणि पोहे हलवू लागली.

पाहुणे नांदेडचे. मुलगा शिवशंकर, त्याचे आईवडील आणि काका. गौरम्मा दाराआड उभी राहून ऐकत होती. “पोरगी हसती किती छान,” मुलाची आई म्हणाली. “हाव,” संगमेश म्हणाला.

थोड्या वेळानं मुलाची आई सरळ स्वयंपाकघरातच आली.

“ताप आलाय म्हणं तुम्हाला?” तिनं गौरम्माच्या कपाळाला हात लावला. “अंग तर गार हाय की!”

गौरम्मानं घाईनं पदर तोंडावर धरला. मागं दारात तनुजा येऊन उभी होती, पांढरीफटक.

“दाढ लई दुखायलीय,” गौरम्मा पदराआडून पुटपुटली. “त्यानंच कणकण वाटायलीय.”

ती बाई क्षणभर तिच्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “असू द्या, असू द्या. तसाच राहू द्या पदर. वारं लागंल.”

तिला कळलं की नाही, ते गौरम्माला समजलं नाही. पण तिच्या बोलण्यातल्या मायेनंच गौरम्मा जास्त ओशाळली. तिनं मान वर केली नाही.

बाहेर पसंती झाली. साखर वाटली गेली. फोटोसाठी सगळे उठले, तशी तनुजा आत आली. तिचे डोळे भरले होते.

“आई, चल. माझ्याशेजारी उभी राहा.”

“दाढ दुखायलीय म्हणून सांगितलंय नव्हं का मी?”

“चुकलं माझं. चल ना.”

“आता बोललेलं निभवावं लागंल, माय.” गौरम्मानं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. “जा, समदे थांबलेत.”

तिच्यामागून गौरम्मा तोंडावर पदर धरून बाहेर आली. संगमेशच्या हातातला मोबाइल तिनं मागून घेतला. “तुम्ही बी उभं राहा तिकडं. मी काढते.”

दोन्ही हातांनी तिनं तो तोंडासमोर धरला. सगळे मावले. “हसा आता,” ती म्हणाली. शिवशंकर हसला, काका हसले, संगमेशही कसाबसा हसला. मधे उभ्या असलेल्या तनुजाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“तनू, हस की गं.”

तनुजानं मान हलवली. गौरम्मानं मग तसाच फोटो काढला.