गुरुवारचा गूळ

संतोषची मूठ वळली आणि बिबवेवाडीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस माणसं टाचा उंचावून बघू लागली. इथं स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी चकचकीत कृत्रिम दगड कापतात. आठ वर्षं तेच काम करणाऱ्या संतोषची बोटं गेल्या वर्षी अशी धरली, की सकाळी शर्टाचं बटणही लागेना. आज त्यानं सगळ्यांसमोर मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मागं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचे, दीपालीचे, डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, तिनंही हात जोडले.

"तीन गुरुवार. फक्त तीन गुरुवार गूळ घेतला यानं," गूळमहाराज म्हणाले. अंगात भगवी कफनी, पायांत पांढरे बूट, आणि उतरले होते शेडच्या मालकाच्या, पियुषशेठच्या गाडीतून. "दगडाची धूळ छातीत जाते, छातीतून हाडांत उतरते. माझा गूळ तिला वर ओढतो. डॉक्टरांना हे कळायला सात जन्म लागतील. खोक रे बाळा."

महाराजांनी घडी घातलेला काळा रुमाल पुढं धरला. संतोष खोकला. रुमाल उजेडात नेताच त्यावर पांढरी भुकटी चमचमली.

झालं. तीस जणांची रांग लागली. गुळानं छातीतली धूळ उतरते हे कामगार लहानपणापासून ऐकत आलेले, त्यामुळं महाराजांना नवीन काही पटवावंच लागलं नाही. गूळ शेठकडून फुकट, आठवडाभर पुरेल इतका. कापताना धूळ उडू नये म्हणून पात्यावर पाणी सोडायची नळी मात्र दोन वर्षं कोपऱ्यात पडून होती. पाण्यानं चिखल होतो, असं शेठचं म्हणणं.

दोन महिन्यांत संतोषचा चेहरा गोल गरगरीत झाला. "तेज आलंय हो तोंडावर," शेजारच्या सोजरबाई कौतुकानं म्हणाल्या. दीपालीनं मात्र त्याची मनगटं चाचपली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. सांधेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या तोंडावर तिनं असलं तेज पाहिलं होतं. चेहरा भरत होता आणि हातपाय काडीसारखे होत होते. मग एके सकाळी खोकल्यात रक्ताची रेघ आली.

तिनं गुळाचा खडा सुरीनं फोडला. आत अर्धवट कुटलेली पांढरी गोळी होती, मधोमध तोडायची खाच तशीच दिसत होती. दोन महिने हा गूळ तिनंच रोज त्याच्या डब्यात ठेवला होता.

"ही स्टेरॉइडची गोळी दिसते," डॉक्टर ऋतुजा एक्स-रे आणि थुंकीचा अहवाल समोर धरून म्हणाल्या. "हे बघा, धुळीचे कण फुप्फुसात बसलेत. शरीरातल्या पहारेकरी पेशी ते गिळतात, पण पचवता येत नाहीत. त्या मरतात, नव्या येतात, त्याही मरतात. म्हणून ही कायमची सूज. खवळलेले पहारेकरी कधी आपल्याच सांध्यांवर उलटतात, म्हणून बोटं धरली. गोळीनं सूज दाबली, मूठ वळली. पण पहाराही झोपला, आणि टीबीला दार उघडं मिळालं."

"मग आजच गूळ बंद करतो," संतोष म्हणाला.

"गूळ बंद करा, पण गोळी एकदम सोडायची नाही, जिवावर बेतेल. मी लिहून देते तशी हळूहळू कमी करायची. टीबीची औषधं आजपासून."

"आणि आत गेलेली धूळ?"

"ती निघत नाही. कशानंच नाही."

पुढच्या गुरुवारी दीपाली एकटीच शेडवर गेली.

"महाराज, मलाही खोकायचंय."

"तू कुठं दगड कापतेस?"

"नाही ना. म्हणूनच."

महाराजांनी रुमाल कफनीत सारला. शेडमधल्या सगळ्यांत जुन्या कामगारानं, ज्ञानदेवनं, तो ओढून बाहेर काढला. "खोकू द्या की वहिनींना. तुमचं काय जातंय?"

दीपाली खोकली. रुमाल तसाच चमचमला. ज्ञानदेवनं घडी उलगडली, तर आत शेडच्या फरशीवरचीच भुकटी भरून ठेवलेली. दीपालीनं तो गोळीचा तुकडा तळहातावर धरून रांगेतून फिरवला. "ही गोळी गुळात होती. यांची मूठ हिनं वळली. आणि हिनंच टीबी आत घेतला."

"श्रद्धा नाही तिथं आम्ही थांबत नाही," म्हणत महाराज गाडीकडं निघाले, चालण्यापेक्षा जरा भरभर.

"पण वहिनी," रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "बरं तर वाटतंय." "गोळीनं सूज दबलीय म्हणून वाटतंय. पण एकदम सोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा," दीपाली म्हणाली. गूळ खाणारे तिथं तीस जण होते.

तीन महिन्यांनी संतोष शेडच्या फाटकाशी आला. चेहरा उतरलेला, दम लागलेला. त्यानं उजवा हात वर केला. बोटं अर्धीच वळली.

"बघा. ही माझी खरी मूठ. चमत्कार बघायला रांग लावलीत, आता छाती तपासायला लावा. कुणी बरं करतो म्हणाला, तर कशानं ते विचारा. आणि नळी लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नका."

"आणि चिखल कोण काढणार?" पियुषशेठ म्हणाले.

ज्ञानदेवनं कोपऱ्यातली नळी उचलली. "चिखल झाडूनं निघतो, शेठ. छातीतला नाही निघत."

त्यानं नळी पात्यावर बांधली, पाणी सोडलं. त्या दिवशी काम चालू असताना दोन वर्षांत पहिल्यांदाच धूळ उडत नव्हती, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. ज्ञानदेव मात्र खोकतच होता.