धाकटीला सापडलेला भाजक

"ताई, तुमच्या त्या आकड्याला काहीतरी झालंय. या बरं लवकर!" धाकटीने जिन्याखालून हाक मारली आणि पेपर तपासणाऱ्या थोरलीच्या हातातलं पेन थांबलं.

दोघी जावा, एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या. थोरली शाळेत गणित शिकवायची, धाकटी घरी पडदे शिवायची. गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचा तिचा लॅपटॉप दिवसभर नुसताच उघडा असतो, म्हणून थोरलीने गेल्याच आठवड्यात त्यावर आपला प्रोग्राम चढवला होता. तेवढीच मदत.

आकडा म्हणजे तीनशेहून जास्त अंकांची एक संख्या. जगभरातले हौशी लोक तिच्यामागे हात धुऊन लागले होते. ती मूळ संख्या नाही, तिला भाग जातो, हे कधीच सिद्ध झालं होतं. कशाने जातो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. संख्या मूळ आहे का हे बघायची चाचणी भाजक आहे एवढंच सांगायची, तो कोणता ते सांगायची नाही. ज्याला तो सापडेल त्याचं नाव त्या संख्येपुढे कायमचं लागणार होतं. आता शोधायचं म्हणजे तरी काय, प्रत्येक मशीन कुठून तरी सुरुवात करतं आणि नशिबाची वाट बघतं. थोरली लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून वाट बघत होती.

"मला वाटलं व्हायरसच शिरला. बंद करणार होते," थोरली खाली येताच धाकटी तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली.

कधीकधी प्रोग्राम खुळ्यासारखा अख्खी संख्याच भाजक म्हणून पुढे करतो. तसंच असू दे रे देवा, असं थोरली मनात म्हणाली. पण स्क्रीनवरची संख्या एका ओळीत मावत होती. तिने तिथेच भागाकार करून पाहिला. बाकी शून्य.

थोरलीचा नुसता जळफळाट झाला. ही? हिला सतराचा पाढा येत नाही! सासूबाईंना चहा हिच्याच हातचा लागतो. थोरलीची कुंडी वाळते आणि हिने खोचलेली काडी फुलते. मेलीचं वजनसुद्धा वाढत नाही. ते सगळं थोरलीने गिळलं होतं. हा आकडा तेवढा तिचा एकटीचा होता.

"काय झालंय हो?"

"काही नाही गं. नेहमीचंच." थोरलीने भाजक स्वतःला मेल केला आणि ती वर आली.

शोधणाऱ्याचं नाव कळवायचं होतं. तिने आपलं घातलं. प्रोग्राम आपला, डोकं आपलं, हिची नुसती वीज! नाव छान दिसत होतं. पण ते जितक्यांदा वाचू तितक्यांदा आपल्याला तोंडात टाचण्या धरलेली धाकटीच दिसणार, हे तिच्या लक्षात आलं आणि ती चरफडली. तिने आपलं नाव खोडलं, धाकटीचं घातलं आणि मन बदलायच्या आत पाठवून दिलं.

मग ती पुन्हा खाली गेली आणि तिने सगळं सांगितलं.

"माझं नाव?" धाकटी खो-खो हसली. "कशाला हो, ताई? तुमचंच घालायचं ना! मला त्यातलं काय कळतंय!"

इतक्या सहज! थोरलीला तिचा इतका राग याआधी कधीच आला नव्हता.

"भागाकार जो आला ना, तोही मूळ संख्या नाही," ती कशीबशी म्हणाली. "त्यालाही भाग जातो."

"म्हणजे अजून शोधायचंय?"

"हो."

बोलता बोलता थोरलीने लॅपटॉप पुढे ओढला आणि प्रोग्राम काढून टाकला.

"काढलात? बरं झालं बाई," धाकटी मशीनवर कापड सरकवत म्हणाली. "फार तापायचा तो."

थोरलीने लॅपटॉपवर हात ठेवून पाहिला. खरंच, चांगलाच गरम होता.