ओ गटाच्या बाया

वना शिरपूरला कपाशीवर फवारायचं औषध घ्यायला आला होता. दुकानातच गावातल्या भिकनने त्याला गाठलं. वहिनीला ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात आणलंय म्हणाला. दोघं धावत पोचले तोवर वनाची बायको कमलबाई गेली होती. सकाळी तिनेच त्याला भाकरी बांधून दिली होती.

डॉक्टरांनी तिचा रक्तगट विचारला. ओ, वना म्हणाला. मग त्यांनी सांगितलं, कॉलरा कुणालाही होतो, पण ओ गटाच्या माणसाला झाला की फार जोर धरतो.

दोन वर्षांपूर्वी, सत्त्याऐंशी साली, गावात रक्तदानाचं शिबिर झालं होतं. ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं, असं तिथे सांगितलं होतं. सगळ्यांना चालतं म्हणजे ते सगळ्यांत जोरदार, असं गावाने धरलं. म्हणून कॉलऱ्याच्या या साथीत शाळेत रोग्यांसाठी खाटा टाकल्या तेव्हा सरपंचाने ओ गटाच्या चार बायांनाच सेवेला बोलावलं. कमलबाई हसत गेली होती. वनाने अडवलं नव्हतं. त्यालाही अभिमान वाटला होता.

चौघींतली दुसरी त्याच्या धाकट्या भावाची बायको, प्रमिलाबाई.

परतताना त्याने ट्रॅक्टर शाळेपुढे थांबवला. आत प्रमिलाबाई खाटेवरच्या आजारी झुंबरबाईला पाणी पाजत होती. जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, बघून तिने पदर पुढे ओढला. जेठाने भावजयीशी बोलायचं नाही, ही रीत. अकरा वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. निरोप असायचे ते कमलबाईकडून.

"प्रमिला, घर जाय," तो म्हणाला. "पानी उकाळीसन पे. तुनं रक्त बी ओ शे. त्यानीच तुनी जेठानी गई."

तिचा हात थांबला. ती बोलली, पण झुंबरबाईकडे बघून.

"मावशी, तेस्ले इचारा, मंग तुमले पानी कोन पाजी?"

"मी पाजसू. मनं रक्त बी ओ शे."

त्याने तिच्या हातातला तांब्या घेतला. ती भिंतीला धरून उठली आणि रडत बाहेर गेली.

उरलेल्या दोघी पलीकडच्या वर्गात होत्या. त्यांना सांगायचं राहिलं होतं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची राहिली होती. आणि कमलबाईला अजून ट्रॅक्टरवरून उतरवलं नव्हतं.