बिट्टीच्या पोटातलं नाणं

मित्रांनो, मी एक जुना कॅटलॉग आहे, जगभरातल्या नाण्यांची ओळख सांगणारा. अंगाने उशीसारखा जाड, पाठीला चिकटपट्टी आणि पानांचे कोपरे दुमडलेले. पण छापखान्यातून निघालो तेव्हा माझा तोरा बघायला हवा होता! कुठल्याही देशाचं नाणं आणा, त्याचं साल, धातू, वजन, रुंदी आणि किंमत मी एका ओळीत सांगत असे. किमतीही दोन असत, झिजलेल्या नाण्याची वेगळी आणि कोऱ्या करकरीत नाण्याची वेगळी.

जुनी नाणी विकणाऱ्या एका आजोबांनी मला दुकानात आणलं. त्यांची एक पद्धत होती. नाणं ओळखलं की ते माझ्या पानावर, त्याच्याच ओळीवर ठेवायचं आणि पाकिटावर किंमत लिहून होईपर्यंत हलवायचं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमच्या या ठोकळ्याला सगळं ठाऊक असतं हो!" ठोकळा म्हटलेलं मला आवडायचं नाही, पण बाकीचं आवडायचं.

पुढे आजोबांची लेक दुकान बघू लागली. ती म्हणाली, "बाबा, यातले भाव केव्हाच शिळे झाले. मोबाईलला फोटो दाखवला की नाणं लगेच कळतं." ते खरं होतं, म्हणून तर मला जास्त लागलं. माझी रवानगी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली झाली. लेक बाहेर गेली की आजोबा मात्र मला हळूच ओढून काढत.

अशाच एका दुपारी आजोबांच्या मांडीवर नात होती, नुकती चालायला लागलेली बिट्टी. माझ्या पानावर दोन नाणी होती. दोन्हींवर गव्हाची लोंबी, दोन्ही मळाने काळी. एक लढाईच्या काळातलं जस्ताचं, दुसरं नंतरचं तांब्याचं. आजोबा पाकीट घ्यायला वळले आणि बिट्टीने झडप घातली. एक नाणं तिच्या तोंडात गेलं, दुसरं गडगडत कपाटाखाली.

तेवढ्यात आलेली लेक बिट्टीला उचलून दवाखान्यात धावली. थोड्या वेळाने तिचा फोन आला. "बाबा, नाणं पोटात उतरलंय. डॉक्टरीणबाई विचारतायत, धातू कुठला? जस्त असेल तर पोटात झिजून इजा करतं. मग गुंगी देऊन आत्ताच काढावं लागेल."

आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. मोबाईल तरी काय करणार? तो लेकीबरोबर दवाखान्यात, आणि गिळलेलं नाणं बिट्टीच्या पोटात!

कपाटाखाली पट्टी घालून त्यांनी उरलेलं नाणं ओढलं, भिंगातून साल वाचलं आणि मला उघडलं. घाईत बोट चुकून वरच्या ओळीवर टेकलं. अहो, खालची, खालची ओळ! मला ओरडावंसं वाटत होतं. तेव्हाइतका माझ्या मुकेपणाचा राग मला कधीच आला नव्हता. शेवटी बोट खाली सरकलं. त्यांनी नाणं काट्यावर ठेवलं. वजनही माझ्या आकड्याशी जुळलं.

"अगं, जस्ताचं माझ्या हातात आहे!" आजोबा फोनवर ओरडले. "पोटातलं तांब्याचं आहे! रुंदी सतरा मिलिमीटर!"

पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "मग घाबरू नका. एवढंसं नाणं आपोआप बाहेर येईल. आपण लक्ष ठेवू."

लेक रडायला लागली. आजोबांनी माझ्यावर कपाळ टेकलं. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला.

नाणं यायचं त्या वाटेने आलं. माझ्या पहिल्याच पानावर ठळक छापलंय की नाणं कधी घासू नये, किंमत उतरते. आजोबांनी साबण लावून, ब्रश घेऊन ते लखलखीत होईपर्यंत घासलं.

"बाबा, निम्मी किंमत गेली की!" लेक हसत म्हणाली.

"जाऊ दे गं. विकायचंय कुणाला?"

लेकीने मला पुन्हा टेबलाखाली जाऊ दिलं नाही, उलट पाठीला नवं कापड चिकटवलं. मित्रांनो, जुन्या पुस्तकातले भाव शिळे होतात, पण तांब्याचं जस्त होत नाही. म्हणून आम्हाला रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरात लहान मूल असेल तर नाणी उंचावर ठेवा.

मला मात्र खालीच राहू द्या. परवा बिट्टीने माझा एक कोपरा फाडून तोंडात घातला. लेकीने तिच्या तोंडातून तो ओला तुकडा काढला, बघितला आणि म्हणाली, "कागद आहे, बाबा." आजोबा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.