न पिणाऱ्या बाईची शपथ

आमच्याकडे दारू सोडायची तर चर्चमध्ये ग्वादालुपेच्या मातेसमोर गुडघे टेकून शपथ घ्यायची. पाद्री एका कार्डावर मुदत लिहून सही करतो. कुणी पेला पुढे केला की ते कार्ड दाखवायचं. मग आग्रह करायची कुणाची छाती होत नाही. माझ्या आईला मी तिथे ओढत नेलं, तेव्हा तिनं आयुष्यात एक थेंबही चाखलेला नव्हता.

आम्ही त्लास्कालाच्या बाजारात पुल्के विकतो, घायपाताच्या रसाची दारू. तीस वर्षं आईनंच पेले भरले. त्या मार्चपासून तिच्या हातून निम्मी पुल्के सांडू लागली. ती पाय फाकवून, भिंत धरून चालायला लागली, जीभ जड झाली. शेजारच्या गाळ्यातली तोमासा म्हणाली, "एउलालियाबाई आता स्वतःच गिऱ्हाईक झाल्या." बाजार हसला. मी माठांना कुलूप लावलं.

"आई, खरं सांग, किती घेतेस?"

"नाही गं घेत. जमीनच हलते."

"भूकंप फक्त तुझ्याच पायाखाली होतो होय?"

एप्रिलमध्ये तिनं शपथ घेतली, बारा डिसेंबरपर्यंतची, मातेच्या सणापर्यंतची. "तुझ्या जिवाला बरं वाटतंय ना, मग घेते," एवढंच म्हणाली. पुढचे तीन महिने मी शपथेचा गुण येण्याची वाट पाहिली. रोज सकाळी तिचं तोंड हुंगायची. वास यायचा नाही, तर मला वाटायचं, बाई हुशार झाली. मला माझीच शिसारी येते आता.

चमच्याला तोंड सापडेना, तेव्हा पुएब्लाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तेच विचारलं, "दारू घेतात का?" मी ऐटीत कार्ड टेबलावर ठेवलं.

तपासण्या झाल्या. अंडाशयात कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर त्या गाठीशी लढायला उठलं आणि चुकून मेंदूवरच उलटलं. मागचा भाग, जो तोल सांभाळतो, तो मारला गेलाय. गाठ काढू, पण गेलेला तोल परत येणं अवघड आहे. लवकर आणलं असतं तर थोडा तरी वाचला असता. इतके दिवस कशाची वाट पाहत होता?"

कार्ड आमच्या दोघींच्या मध्ये पडलेलं होतं.

परतताना बसमध्ये आईनं एकच मागितलं. "बाजारात सांग, मी पीत नव्हते."

मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. शस्त्रक्रिया, औषधं, तिला उचलणं, धुणं, भरवणं. दमले होते, हे खरं. लाज वाटत होती, हे जास्त खरं.

बारा डिसेंबर उलटला. तेराला आई गाळ्यात खुर्चीवर बसून म्हणाली, "मुदत संपली ना? भर एक."

मी पेला तिच्या ओठांना लावला. निम्मी हनुवटीवरून गळ्याशी ओघळली. तिनं तोंड वाकडं केलं. "हे? एवढ्यासाठी माझं तोंड हुंगायचीस?"

तोमासानं मान वळवली. "सुटली वाटतं शपथ. झालं पुन्हा सुरू."

"ती कधी पीतच नव्हती," मी म्हणाले. "आजारी होती. मी तिला खोटी ठरवलं."

आईनं माझं मनगट धरायला हात उचलला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"मोठ्यानं बोल," ती जड जिभेनं म्हणाली. "पलीकडच्या मासळीवाल्यांपर्यंत गेलं नाही."

मी उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं.